भावजींचा बारा महिन्यांचा तक्ता

प्रार्थना झाल्याशिवाय मी वहीत कुणाबद्दल वाईट लिहीत नाही. आज प्रार्थना झाली आहे.

माझ्या नणंदेचे यजमान बसडेपोत वेळापत्रकं आखतात. सगळे त्यांना टाइमटेबल म्हणतात आणि त्यांना तो मान वाटतो. माणूस निर्व्यसनी, शर्ट इस्त्रीचा, खिशाला दोन पेनं, एक लाल, एक हिरवं. डोक्यात मात्र उजेड बेताचाच. संसारही त्यांनी डेपोसारखा चालवला. वर्षाच्या पहिल्याच दिवशी बारा महिन्यांचा तक्ता आखून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचे. नणंदेची पाळी दर अठ्ठावीस दिवसांनी, धोक्याचे दिवस लाल, बाकीचे हिरवे. एकदा आखला की खाडाखोड नाही. तिची पाळी कधी पंचविसाव्या दिवशी यायची, कधी चौतिसाव्या. मग भावजी त्या तारखेसमोर शेरा मारत, 'सहा दिवस उशीर'. जणू घरात बायको नव्हती, बस होती.

पहिलं मूल हवं म्हणून झालं. पुढची दोन हिरव्या दिवसांनी दिली. तिसऱ्या वेळी रक्तस्राव थांबेना, जेमतेम वाचली. पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. त्यावर भावजी म्हणाले, "चूक तक्त्यात नाही, हिच्यात आहे." वर, "शेवटी देवाच्या मनात असेल ते." देवाचं नाव मी त्यांच्यापेक्षा जास्त घेते. पण माझा आळस मी त्याच्या अंगावर ढकलत नाही.

गेल्या महिन्यात तक्त्यातल्या तारखेवर नऊ दिवस उलटून गेले. नणंद माझ्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. "वहिनी, आता दिवस गेले असतील तर मी काही यातून उठत नाही." दोन दिवसांनी पाळी आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिला दवाखान्यात नेलं. मागून भावजी आले, काखेत तक्त्याची गुंडाळी.

सिस्टरने तो उलगडून पाहिला आणि बाजूला ठेवला. "शंभर बायकांनी वर्षभर काहीच केलं नाही, तर पंच्याऐंशींना दिवस जातात. नुसत्या तारखा मोजल्या तर पंधरा-वीस जणींना, आणि हिच्यासारखी पाळी पुढेमागे होत असेल तर मोजण्याला काही अर्थच नाही. निरोध वापरून तेराएक जणींना, कारण लोक दर वेळी वापरत नाहीत. गोळ्या घेऊन सात जणींना, कारण विसरतात. तांबी बसवली तर शंभरात एखादीलासुद्धा नाही."

"आणि सगळ्यात खात्रीचं?" मी मुद्दाम विचारलं.

"पुरुषाची नसबंदी. हजारात एक-दोन. छोटंसं काम, त्याच दिवशी घरी. फक्त तीन महिने सांभाळायचं आणि तपासणी करून घ्यायची."

भावजींचा चेहरा पांढराफटक. "मला जमणार नाही. अशक्तपणा येतो त्याने. आणि माझं बसून काम आहे."

"वेळापत्रक आखायला कितीशी ताकद लागते?" सिस्टर म्हणाली.

नणंदेने लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्याकडे न बघता तोंड उघडलं. "सिस्टर, तांबी आजच बसवता येईल?"

"येईल की."

"अहो, मी अजून हो म्हटलेलं नाही," भावजी.

"तुम्हाला विचारलंय कुणी?" सिस्टरने तपासणीच्या खोलीचा पडदा ओढून घेतला.

आम्ही दोघं बाकावर. ते मला म्हणाले, "तांब्याचा तुकडा पोटात गंजला तर?" ज्या माणसाला बायकोचा जीव आणि दीड इंचाचा तुकडा यांतलं जड काय ते कळत नाही, त्याच्याशी काय बोलायचं.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली, जरा कळ येत होती. चालताना तिने माझा हात धरला, त्यांचा नाही.

परवा त्यांच्या घरी गेले, तर ते डेपोतल्या मेकॅनिकला सांगत होते, "शंभरात एक नाही. मीच चौकशी केली, मीच नेलं." नणंद आतल्या खोलीत तिन्ही मुलांच्या मध्ये गाढ झोपली होती.

तिच्यासाठी मी रोज प्रार्थना करते. भावजींसाठीही करायला हवी, हे मला कळतं. अजून जीभ वळत नाही.