आत्या नको, मामी म्हण

आधीच सांगते, भुताखेताच्या नादी लागणाऱ्यातली मी नाही. या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते, पण ते आमच्या पिठाच्या गिरणीत गिऱ्हाईक नसलं की टाइमपास म्हणून. पांढऱ्या साडीतली बाई, वळणावर लिफ्ट मागणारा माणूस, मागून येणारा पैंजणांचा आवाज... वाचते आणि एकटीच हसते. रस्त्यात कुणी उतारा टाकलेला असला तर बाकीच्या बायका लांबून वळसा घालतात, मी सरळ ओलांडून जाते. गावात मला 'लई शहाणी' म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत हे मला कळतं. तरी आज लिहायला बसलेय. हसायचंय त्यांनी खुशाल हसा, मीही हसले असते. पण जे माझ्या कानांनी ऐकलंय ते कुणी सांगितलं म्हणून मी खोटं म्हणणार नाही.

आमचं गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या बाजूला. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव बसलं, मग माळावर नवीन वसवलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं आणि दोन घरांमध्ये भरपूर मोकळी जागा. आमचं घर शेवटच्या ओळीत, त्याच्या पलीकडं नुसती रानं. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढं मोठं अंगण. अंगणाच्या टोकाला कडुलिंबाचं झाड आणि झाडाला लागून चार मेढी रोवून वर पत्रे टाकलेलं शेड. शेडमध्ये एक बाज. ती बाज माझ्या सासूची.

भूकंप झाल्यापासून माझी सासू छताखाली झोपलेली नव्हती. थंडी असो, पाऊस असो, तिचं अंथरूण शेडमध्येच. भाकरी थापायला आत येणार, थापून झाल्या की ताट घेऊन परत बाहेर. मला लग्नात कुणी हे सांगितलं नव्हतं. आल्यावर कळलं, घर आमचं आणि अंगण त्यांचं.

माझं माहेर परंडा. आम्हाला भूकंप म्हणजे मोठ्यांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट. मला भीती वाऱ्याची, त्यातही पत्र्याची. शाळेत होते तेव्हा एकदा असंच वावधान सुटलं आणि शेजारच्या गोठ्यावरचा पत्रा उडून आमच्या दारात आला. दारात वासरू बांधलेलं होतं. पुढचं लिहीत नाही, समजून घ्या. तेव्हापासून कुठंही पत्रा नुसता खडखडला तरी माझे हातपाय गार पडतात.

आता बघा गंमत. मला ज्याची भीती त्याच्याखाली माझी सासू निवांत घोरणार, आणि तिला ज्याची भीती त्याच्याखाली मी. आभाळ भरून आलं की आमचा वाद ठरलेला.

"वाऱ्याला काय भ्यायचं गं? वारा येतुया तसा ऐकू येतुया. जमीन काय सांगून हालती व्हय?"

"पण जमीन रोज हलत नाही ना! वारा दर वर्षी येतोय."

"येऊ दे की. पत्रा पडला तर डोस्कं फुटंल, लई तर लई. माणूस दबत न्हाय."

आमचे हे मध्येच म्हणायचे, "दुष्काळाला भ्या दोघी. तो एकदा बसला की उठत नाही." मग मी माहेरचा पूर काढायची, गेल्या पावसाळ्यात भावाच्या मळ्यात कमरेइतकं पाणी होतं ते सांगायची. सासू कानावर पदर ओढून म्हणायची, "पाण्यात पवता येतं. दगडात न्हाय येत." तिच्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही.

अजून एक गोष्ट सांगते, ती लक्षात ठेवा. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. लग्न होऊन आले, पहिल्या सकाळी चहाचा कप पुढं केला आणि म्हटलं, "आत्या, चहा." त्यांनी कप घेतलाच नाही. तोंड फिरवून म्हणाल्या, "मला आत्या म्हणू नगं. मामी म्हण." मला राग आला. म्हटलं, आल्या आल्या नखरे सुरू! ह्यांना विचारलं तर म्हणाले, आईला नाही आवडत, सोड ना. मी सोडलं. तेव्हापासून मामी.

आता त्या दिवसाचं.

उन्हाळ्याचे दिवस होते, दुपार कलत आली होती. हे उमरग्याला गिरणीचा पट्टा आणायला गेलेले. शेजारचे सगळे लग्नाला गेलेले, त्यांच्या घराला कुलूप. घरी मी आणि मामी, म्हणजे घरात मी आणि शेडमध्ये मामी. सकाळपासून नुसतं उकडत होतं. मग एकदम वारा पडला, पान हलेना. पश्चिमेकडून आभाळ काळं नाही, तांबूस व्हायला लागलं. मी वाळवणातल्या कुरडया गोळा करून आत आणल्या, आणि तेवढ्यात वावधान आलंच.

असलं वावधान मी परंड्यातही बघितलं नव्हतं. माती, पाचोळा, कुणाच्या तरी दोरीवरची चादर, सगळं अंगणातून आडवं चाललेलं. लाईट गेली. शेडचे पत्रे मेढींवर उचलून उचलून आपटायला लागले. दाराची चौकट धरून मी ओरडले, "मामी, आत या! आत या!"

मामी बाजेवर उठून बसल्या. माझ्याकडं बघितलं. आणि दोन्ही कानांत बोटं घालून पाठ फिरवली.

हे दर वादळात असंच व्हायचं. मी जीव तोडून ओरडायची आणि ही बाई पाठ फिरवणार. मला वाटायचं, हट्टीपणा, दुसरं काय. त्या दिवशी मात्र माझं टाळकंच सरकलं. गारा सुरू झाल्या होत्या. डोक्यावर परात धरून मी अंगण ओलांडलं, शेडमध्ये शिरले आणि मामींचा हात धरून ओढला.

"चला! उठा आधी! आत या म्हणते ना मी, आत या!"

त्यांनी हात हिसडला. त्यांचं तोंड बघितलं तर म्हातारी रडत होती. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

"तसं नगं गं बोलवू," त्या म्हणाल्या. "ती बी तशीच बोलवत व्हती."

"कोण?"

"माझी नंदा."

गारा पत्र्यावर असल्या वाजत होत्या की त्यांना माझ्या कानाशी तोंड आणून सांगावं लागलं. नंदा त्यांच्या भावाची पोरगी. गणपती बघायला आत्याकडं आलेली. विसर्जन झालं, सगळी दमून निजली. उकडतंय म्हणून मामी अंगणात निजल्या, कुशीत आमचे हे, तेव्हा अंगावर पिते. नंदापण त्यांच्याजवळच पडली होती. पण तिला डास चावायला लागले, म्हणून मामींनीच तिला उठवून आत माळवदाखाली नेऊन निजवलं. पहाटे जमीन हलली. दगडमातीचं घर, वर मातीचं जड माळवद, सगळं बसलं. मामी बाहेर, तान्हं पोर बाहेर, आणि ढिगाऱ्याच्या आतून नंदाची हाक... आत्या, आत्या. हातांनी उकरून उकरून मामींची नखं निघाली. उजाडलं तेव्हा हाक थांबली होती.

"म्याच तिला आत घातली," मामी म्हणाल्या. "डास चावत व्हते म्हणून."

तिथं त्या पत्र्याखाली माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आत या. आत्या. दर वादळात मी दारात उभी राहून घराच्या आतून काय ओरडत होते? आत या, आत या! आणि वाऱ्यात त्यांना काय ऐकू येत होतं?

मी त्यांना परत ओढलं नाही. कुठल्या तोंडानं ओढणार? त्या मला ढकलत होत्या, "तू जा. तू आत जा, पत्र्याला भितीस न्हवं." आणि मला कुठून एवढा जोर आला माहीत नाही, मी बाजेवर त्यांना चिकटून बसले.

"तुम्ही नाही तर मी पण नाही. काय व्हायचं ते दोघींचं होऊ दे."

"येडी हायस का?"

"आहे. गाव म्हणतंयच."

वर पत्रा मेढीपासून सुटत चाललाय हे मला दिसत होतं. एका बाजूचा खिळा निघून तो कोपरा वर खाली होत होता. मी डोळे मिटले नाहीत. त्या पत्र्याकडं बघत मनात म्हटलं, ये, तुला काय करायचं ते कर. पण दात एकमेकांवर आपटत होते, ते काही थांबत नव्हते. मामींनी माझा हात घट्ट धरला होता. आम्ही दोघी गप्प होतो. हे परत सांगते, आम्ही दोघीही गप्प होतो.

समोर घराचं दार सताड उघडं. आत अंधार. आत कुणीही नाही.

आणि घरातून हाक आली.

"आत्या... आत ये की गं!"

लहान पोरीचा आवाज. भ्यालेला नाही, विव्हळणारा तर अजिबात नाही. ताट वाढून ठेवलंय आणि मोठी माणसं अंगणात गप्पा मारत बसलीत, तेव्हा पोरं जशी वैतागून बोलावतात ना, तसा. गारांच्या एवढ्या दणदणाटात मला तो स्वच्छ ऐकू आला. मामींना काही विचारायचीही वेळ आली नाही. त्या उठल्या. "आले गं... आले बाय," असं म्हणत, माझं मनगट धरून, मलाच ओढत त्या अंगणातून निघाल्या. गारा डोक्यावर, पाठीवर बसत होत्या. त्यांना पत्ता नव्हता. त्या उंबरा ओलांडून आत गेल्या, त्यांच्यामागं मी, आणि माझा दुसरा पाय उंबऱ्याच्या आत येतो न येतो तोच मागं आवाज झाला.

वळून बघितलं तर शेड नव्हतं. लिंबाची मोठी फांदी मोडून बाजेवर पडली होती. बाजेचे दोन तुकडे झाले होते. एक पत्रा उडून घराच्या भिंतीवर आपटून उभा राहिला होता, दाराच्या अगदी शेजारी. मी त्याच्याकडं बघितलं आणि खाली बसले.

मामी मात्र तिकडं बघतच नव्हत्या. त्या आतल्या खोलीत गेल्या. पिठाचे डबे, गाद्यांची वळकटी, देवाचं फडताळ, सगळीकडं बघितलं. मग खोलीच्या मध्ये, स्लॅबच्या बरोबर खाली, फरशीवर मांडी घालून बसल्या. वादळ जाईपर्यंत तिथंच बसून होत्या. मी जवळ गेले तर एवढंच म्हणाल्या, "रागावली न्हाय गं ती." आणि मग ढसाढसा रडल्या. मी पण रडले, त्यात लाज कसली?

संध्याकाळी हे आले. अंगण बघून रंग उडाला त्यांचा. सगळं ऐकून घेतलं आणि मग आमच्या घरातले शास्त्रज्ञ सुरू झाले. वारा दारातून घुसला की आवाज येतो म्हणे. बरं, वाऱ्याला 'की गं' म्हणता येतं का? शेजारची पोरगी असेल. शेजारी कुलूप होतं आणि पोरगी लग्नात नाचत होती, तिचा व्हिडिओ आहे माझ्याकडं. टीव्ही असेल. लाईट नव्हती. मोबाईल? चार्जिंग संपून बंद पडलेला. शेवटी म्हणाले, गिरणीच्या आवाजानं तुझे कान गेलेत. मी सोलापूरला जाऊन कान तपासून आले. ठणठणीत आहेत. रिपोर्ट त्यांच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला.

एक मोठी शंका माझी मलाच होती, तीही सांगते. भीतीनं माझ्याच तोंडून हाक निघाली असेल का? पण मी सासूला 'तुम्ही' म्हणते. मी म्हणणार 'आत या'. 'आत ये' मी त्यांना जन्मात म्हटलेलं नाही. सख्ख्या आत्याला 'ये गं' म्हणतात ती भावाची लेकरं. आणि मामींना तसं म्हणणारी एकच होती, नंदा.

मग काय होतं ते? मला माहीत नाही. भूत म्हणायला माझी जीभ रेटत नाही, अजूनही नाही. कुणी म्हणतात आत्मा, कुणी म्हणतात मनाचे खेळ. दोघींच्या मनानं एकाच वेळी तोच खेळ कसा खेळला ते जरा समजावून सांगा.

शेड आम्ही परत बांधलं नाही. मामी आता आतल्या खोलीत झोपतात. दार लावू देत नाहीत, तेवढं त्यांचं आहे. पहिल्या रात्री अंथरूण घालत होते तर म्हणाल्या, "पोरी, मला आता आत्या म्हणत जा." मी म्हटलं, बरं आत्या. जीभ अडखळली, पण म्हटलं.

तर ज्यांना हे सगळं थाप वाटतंय त्यांना माझं उघड आमंत्रण आहे. इथं खाली कमेंटमध्ये शहाणपण शिकवू नका. मेसेज टाका, पत्ता देते. एखाद्या वादळी दिवशी आमच्या अंगणात उभे राहा. आणि आमच्या घरातून कुणी बोलावलं तर वाद घालत बसू नका. मुकाट्यानं आत या.