पालेगावचा डोळा, कॅम्प तीनचा फोन

मंगळवारी सकाळी अंबरनाथच्या एका रुग्णालयात पार्वतीबाई म्हात्रे यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थांबली. मोबाईलवर येणारा ओटीपी त्यांच्याजवळ नव्हता.

रुग्णांच्या नोंदी मोबाईलवर गेल्यापासून काय घडतं, ते पाहायला मी बदलापूरच्या शिरगावातून रिक्षाने निघालो होतो. पालेगावात पार्वतीबाई आणि त्यांची सून सुनीता वाट पाहत होत्या. म्हात्र्यांच्या भातशेतीच्या जागी आता सात मजली इमारत आहे. पार्वतीबाईंचा एक डोळा पूर्वीच गेला. उरलेल्यावर मोतीबिंदू.

"मना (मला) चुलीतला जाळ दिसतं, भाकर नाय दिसत," त्या म्हणाल्या.

रुग्णालयात खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "आजी, दाखल करायला ओटीपी लागतो. नंबर कोणाचा दिलाय?"

"नवनाथचा. माझा पुतन्या. घरान (घरात) मोठा फोन त्याचाच."

नवनाथ उल्हासनगरला जीन्स शिवतो. सुनीताने फोन लावला. रिंग वाजत राहिली.

"डॉक्टर बाहेरून येतात, दुपारी एक वाजता निघतात," कारकून म्हणाला. "त्याआधी ओटीपी आणा."

"आणा म्हणजे? तो काय जेवणाचा डबा आहे?" सुनीता म्हणाली.

पार्वतीबाईंना बाकावर बसवून आम्ही दोघं निघालो. शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबावं लागलं. उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारात ती कापडाच्या टेम्पोमागे अडकली. उतरून चाललो. कारखाना दुसऱ्या मजल्यावर होता.

दारात पत्र्याची पेटी होती, कुलूप लावलेली. आत एक फोन वाजत होता. नव्या मालाचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून कारागीर फोन त्यात ठेवतात. जेवणाच्या सुट्टीत परत मिळतो.

मालक सिंधी. कारागीर त्यांना साईं म्हणतात. त्यांनी पापड आणि पाणी मागवलं, पाहुण्याला इथे आधी तेच देतात.

"पहले पापड खाओ, बेटी."

"साईं, पापड राहू द्या. तिकडे सासू बसलीय, तिचं ऑपरेशन आहे."

त्यांनी किल्ली काढली आणि नवनाथला बोलावलं. नवनाथच्या फोनवर तीन ओटीपी पडून होते, तिन्ही मुदत संपलेले. सुनीताने कारकुनाला फोन केला. नवा ओटीपी आला. नवनाथने तो वाचला, सुनीताने पुढे सांगितला.

"घेतला," कारकून म्हणाला. "पण डॉक्टर आत्ताच गेले. पुढच्या वेळी दाखल करताना नवा ओटीपी लागेल."

"मग शुक्रवार द्या. कारखान्याला सुट्टी असते, फोन घरी असतो."

"डॉक्टर मंगळवारीच येतात."

"माझा नंबर लावा मग."

"लावतो. पण नंबर बदलायचा ओटीपीही जुन्याच नंबरवर जातो. आजींनाही समोर बसावं लागेल, आणि खिडकी आता बंद होतेय."

नवनाथचा फोन पेटीत परत गेला होता.

आम्ही अंबरनाथला परतलो तेव्हा खिडकी बंद झाली होती. पार्वतीबाई त्याच बाकावर होत्या. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"झाला का?"

"नाही, आई. पुढच्या मंगळवारी."

"मंग आता जेवू ना?"

त्यांना पालेगावला सोडून मी शिरगावला आलो.

पुढच्या मंगळवारी नवनाथ कामावर गेला नाही. दुपारी बाराच्या आधी पार्वतीबाईंची शस्त्रक्रिया झाली.