वाळू शोधायला गेलो आणि मोजणीवाला ठरलो

राजस्थानातल्या हौशी मोटारसायकल रॅलीचा फॉर्म भरला, तेव्हा वाळूत मी शंभर फूटसुद्धा गाडी चालवली नव्हती. जालन्यात माझं चष्म्याचं दुकान. गाडी सेकंडहँड, दीडशे सीसीची. रॅली मात्र वाळवंटातली, सहा दिवसांची. तिथे पाट्या नसतात. रोडबुक नावाची कागदाची गुंडाळी देतात आणि तिच्यात लिहिलेलं असतं, इतक्या किलोमीटरवर झाड, डावीकडे वळा. चालवता चालवता हे वाचायची सवय हवी. म्हटलं, सरावाचं रोडबुक आपणच लिहू. मे महिन्यात आपल्या नद्या कोरड्याच असतात, पात्रात वाळूच वाळू.

रविवारी उजाडताच निघालो. वाटूर फाट्यापर्यंत रस्ता बरा आहे. तिथे भजी आणि चहा तीस रुपयांत झाले. पाच लिटर पाणी सोबत ठेवा, पुढे काही मिळत नाही. आत वळल्यावर मी दर वळणाला थांबून मीटर बघत डायरीत लिहू लागलो : ‘४.२, विहीर, डावीकडे. ५.१, चिंच, बांधावरून उजवीकडे.’

तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा लक्षात आलं, मागे एक मोटारसायकल आहे. दुधाचे कॅन लावलेली. मी थांबलो की ती थांबे, मी निघालो की ती निघे. आडरस्ता, मोबाइलला रेंज नाही. पैशांचं पाकीट मी बुटात सरकवलं. मग तो दूधवाला एकदम वेग घेऊन मला ओलांडून गेला.

नदीकाठच्या गावात पोचलो तर पारापाशी आठ-दहा माणसं वाट अडवून उभी होती. दूधवालाही त्यांच्यात. पुढे पन्नाशीची एक बाई. तिला सगळे कौसाबाई म्हणत होते.

“काय मोजून राह्यले तुम्ही?”

“मोजत नाही हो. सराव करतोय. रॅलीचा.”

“कोन्त्या पार्टीची रॅली?”

“मोटारसायकलची. शर्यत.”

“मंग डायरी दाखवा.”

दिली. तिने शेजारच्या माणसाकडून वाचून घेतली. “विहीर, डावीकडे,” तो म्हणाला. कौसाबाईचा चेहरा बदलला.

“माझी विहीर हाय ती. दोन महिन्यांमागं असेच दोघं आल्ते. रस्ता विचारून, मोजमाप लिहून गेले, अन् आता लोक म्हणतेत जमिनी जाणार. तुमच्या शर्यतीला माझी विहीर कशाला लागती?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मलाच खोटं वाटायला लागलं. शेवटी म्हणालो, “नदीत गाडी चालवून दाखवतो.”

डायरी बगलेत मारून कौसाबाई काठावर आली, मागून गाव. पहिल्यांदा वीस फुटांवर पडलो. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. तिसऱ्यांदा पाय गाडीखाली अडकला आणि लोक हसले.

“मोजणीवाला असा पडन का?” कुणीतरी म्हणालं.

“पडायचं नाटक बी येतं लोकायला,” कौसाबाई म्हणाली. ती हसली नव्हती.

दूधवाल्याने येऊन गाडी उचलली. नाव रफिक. “हँडल इतकं आवळू नका. अन् वाळूत थांबायचं न्हाई, बिलकुल. द्या चावी, दाखवतो.”

मी चावी मुठीत धरली. त्याला ते कळलं. त्याने आपल्या गाडीची चावी माझ्या हातावर ठेवली आणि उभा राहिला. मग मी दिली. रोज दूध घेऊन तो ती नदी ओलांडायचा. पायदानांवर उभा राहून पलीकडे गेला आणि परत आला. दुपारपर्यंत मलाही जमलं. कौसाबाईने डायरी परत दिली आणि ती गावाकडे वळली.

परतताना वाटूरला चहा घेत होतो. शेजारी एक जीप, टपावर मोजणीची तिपाई आणि रंगवलेल्या काठ्या. पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ माझे वाळूने भरलेले बूट बघत होते.

“नदीकडून आलात? आतल्या रस्त्यांनी?” टँकवरच्या पिशवीतून डोकावणाऱ्या डायरीकडे त्यांनी बोट केलं. “अंतरं घेतलीत वाटतं. द्या की बघायला, आमचे दोन दिवस वाचतील.”

“काम कशाचं आहे?”

“अजून ठरलेलं काही नाही.” त्यांनी माझ्या चहाचे पैसे आधीच देऊन टाकले होते.

“पाण्यात भिजलीय. वाचता येत नाही,” मी म्हणालो. डायरी कोरडी होती आणि ते तिच्याकडेच बघत होते. अर्धा कप तसाच ठेवून निघालो. जालना येईपर्यंत आरशात जीप शोधत होतो.

घरी बायकोने विचारलं, वाळू जमली का? जमली म्हणालो. तेवढंच सांगितलं. त्या रात्री डायरीतली ती चार पानं फाडून जाळली आणि पुढचा सराव भोकरदनकडे केला. हिवाळ्यात रॅली पूर्ण झाली, शेवटून चौथा आलो.

सरावासाठी चांगली वाळू कुठे, असं तुमच्यातले बरेच जण विचारतात. फाट्यापासून कोणत्या बाजूला, कोणती नदी, कोणतं गाव, सांगणार नाही. तिथे पुढे मोजणी झाली का, मला माहीत नाही. मी परत गेलेलो नाही. गेलो तर कौसाबाई विचारणार, डायरी कुणाला दाखवली? कुणालाच नाही, असं मी सांगेन. तिला ते पटणार नाही. तिच्या जागी असतो तर मलाही पटलं नसतं.