अण्णांना विचारल्याशिवाय

जगात जे जे आपोआप होतं, त्या सगळ्यावर आमच्या घरमालकांचा राग होता. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारं बटण आम्ही भाडेकरूंनी हौसेने बसवून घेतलं, ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढलं आणि मोटार चालू असेपर्यंत जिन्यात खुर्ची टाकून स्वतः बसू लागले. टाकी वाहू लागली की "भरली बघा" अशी आरोळी ठोकत, आणि ती अर्ध्या राजारामपुरीला ऐकू जाई. कपडे धुण्याचं यंत्र आलं, तर त्याच्यासमोर उभे राहून मधेच झाकण उघडत. यंत्र थांबलं की समाधानाने झाकण लावत. "त्येला कळाय पायजे की, कोणतरी बघतंय म्हणून," असं त्यांचं म्हणणं. मी वरच्या मजल्यावरचा, कॉलेजात शिकवणारा, त्यामुळे त्यांच्या तावडीत हमखास सापडणारा श्रोता.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूळचे आजऱ्याचे, काजूचे व्यापारी. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली बी काढायची, फोडून चावून बघायची आणि मगच पोत्याबद्दल बोलायचं, ही जन्माची सवय. मुलगी लग्न होऊन परदेशात गेली आणि जावयाने सासुरवाडीला कॉम्प्युटर घेऊन दिला, तेव्हा अण्णांनी त्याच्याकडेही त्या पोत्याच्याच नजरेने पाहिलं. पहिल्याच महिन्यात त्या यंत्राने गुन्हा केला. अण्णा बंद करायला गेले, तर पडद्यावर अक्षरं उमटली, की अपडेट चालू आहे, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. अण्णांनी मला वरून बोलावून घेतलं.

"मास्तर, घर माझं, लाईटबिल माझं, मशीन माझं. आन् बंद करू नका म्हणून सांगणारा ह्यो कोण पावणा? सांगून आलाय का?"

मी त्यांना सेटिंग उघडून दाखवलं. अपडेट आपोआप घ्या, आणून ठेवा पण बसवताना विचारा, फक्त कळवा, किंवा काहीच नको, अशी व्यवस्था तिथे होती. 'फक्त कळवा' वाचून अण्णांचा चेहरा उजळला. "त्या कंपनीत एक तरी शहाणा माणूस हाय म्हणायचा," ते म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने तिथे खूण केली. तेव्हापासून पडद्याच्या कोपऱ्यात नवं अपडेट आल्याची पिवळी ढाल दिसली की अण्णा चष्मा लावून बसत, एकेका अपडेटचं नाव माझ्याकडून समजून घेत आणि निकाल देत. सुरक्षेचं असेल तर, "कुलूप बदलत्यात व्हय? बदला." दिसण्यात काही बदल असेल तर मात्र, "न्हाय. हाय ते झ्याक हाय." अपडेट घ्यायचं तेही त्या दिवसाचं भारनियमन कधी आहे ते बघून, म्हणजे मधेच वीज जायला नको. मला हा सगळा हेकटपणा वाटे. घरात दुसरं कोणी ऐकणारं उरलं नाही, की माणूस असा यंत्रांवर हुकूम गाजवतो, अशी माझी विद्वान समजूत होती.

ती समजूत एका रविवारी फुटली. सुट्टीला आलेला त्यांचा इंजिनिअर पुतण्या काकांवर उपकार म्हणून सगळे अपडेट आपोआप होतील असं करून परत गेला होता. रविवार जोतिबाचा, आणि अण्णा डोंगरावर गेले होते. एरवी ते कॉम्प्युटरवर मुलीचा फोन यायच्या वेळेआधी परत येत, त्या दिवशी एसटी रखडली. खालून अक्कांची, म्हणजे अण्णांच्या पत्नीची, हाक आली. "मास्तर, जरा येता काय? माझी पोरगी गावंना झालीया."

अक्का कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. त्यांची शाळा झाली कानडीत, मराठी बोलण्यापुरती, इंग्रजीशी संबंध नाही. पडद्याच्या काचेवर तीन टिकल्या चिकटवलेल्या होत्या. त्या मी आधीही पाहिल्या होत्या. बायका आरशाला, कपाटाला, मोरीच्या फरशीला चिकटवतात तशाच या, असं समजून मी कधी लक्षच दिलं नव्हतं. आता कळलं. लाल टिकलीखाली मुलगी दिसायची, हिरवीखाली नातवाचे फोटो आणि निळीखाली ऐकायची कानडी भक्तिवचनं. अक्का माऊसचा बाण टिकलीखाली न्यायच्या आणि दाबायच्या. आज अपडेट होताना यंत्राने आपल्या मनाने पडद्यावरची चित्रं बारीक करून एका कोपऱ्यात गोळा केली होती, आणि टिकल्यांखाली नुसता निळा पडदा होता. अक्का लाल टिकलीखाली पुन्हा पुन्हा दाबत होत्या. मी मुलीला शोधून दिलं, पण बोलून झाल्यावर अक्का म्हणाल्या, "दरवेळी तुमास्नी बोलवायचं व्हय? माझं मला येत हुतं." ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

अण्णा आले. पुतण्याला त्यांनी फोनवर काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. मग खुर्ची ओढून बसले आणि एकेक चित्र आपापल्या टिकलीखाली सरकवू लागले. मागे उभ्या राहून अक्का, "जरा वर. आनि थोडं. आं, तिथं," अशा देवघरात देव मांडल्यासारख्या सांगत होत्या. त्या म्हणतील तसं अण्णा सरकवत होते. उभ्या जगाला हुकूम सोडणारा हा माणूस एवढ्या गुपचूप कुणाचं ऐकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे मुलीचं दुसरं बाळंतपण आलं आणि अक्का तिकडे गेल्या. महिन्यांचा मुक्काम वर्षांवर गेला. नातवंडांना त्यांचा लळा लागला होता, आणि अण्णांना न विचारता उडणाऱ्या विमानात बसायला अण्णा तयार नव्हते. दर रविवारी अक्का पडद्याच्या आत आणि अण्णा बाहेर, अशी भेट होई. "गोळ्या घेताय न्हवं?" "घेतोय की." इतकंच बोलणं, पण चालायचं बराच वेळ.

माझी बदली झाली. निरोप घ्यायला खाली गेलो, तर कोपऱ्यात पिवळी ढाल लुकलुकत होती. मी म्हटलं, "अण्णा, आता होऊ द्या की सगळं आपोआप. तुम्हाला इंग्रजी वाचता येतं, टिकल्या कशाला हव्यात?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "आन् ती परत आल्यावर तिला सापडाय नको?" ते म्हणाले. लाल टिकलीची एक कड सुटली होती. त्यांनी बोट जिभेला लावून ती ओली केली आणि काचेवर दाबून धरली.