ट्रेलर कोणाच्या नावावर

शिरीष मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण तो गेला की नाही, यावरच तर सगळं अडून बसलं होतं, त्यामुळे मला बोलायला मोकळीक आहे. माणूस दिलदार होता, हसरा होता, सोलापूरहून आला की शेंगाचटणीचा पुडा न चुकता आणून द्यायचा. पण कुठलंही काम त्याला आजच्या आज करायचं नसे. "करू की, काय घाई आहे," हे त्याचं पालुपद. माझी सगळी नोकरी इथे सिंगापुरात, हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीचे हिशेब बघण्यात गेली. कागद अर्धवट ठेवणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो.

ही गोष्ट मात्र त्याची नाही, त्याच्या बायकोची आहे. अरुणा बिशानला माझ्याच ब्लॉकमध्ये राहते, माझ्या दोन मजले खाली. मूळची चिंचवडची. लग्न होऊन इथे आली, काही वर्षं घर सांभाळलं, मग एका बालवाडीत नोकरी धरली आणि तिथेच रमली. बोलणं हळू, आवाज चढवणं ठाऊक नाही. पण हट्टी इतकी की समोरच्याला कळायच्या आत तिचं तेच झालेलं असतं. तिच्या स्वयंपाकघरात एक अख्खा खण बिनझाकणाच्या डब्यांचा आहे. टाकून दे म्हटलं की म्हणते, झाकण सापडेल कुठेतरी. मी किती वर्षं सांगतेय, पण एक डबा कधी हलला नाही.

शिरीषला बोटीचं वेड कुठून लागलं देव जाणे. सोलापूरचा माणूस, नळाला पाणी दिवसाआड बघितलेला. आयटीतली बऱ्यापैकी नोकरी, सगळ्यांना इथे कायम राहायचा परवाना, पीआर, मिळालेला, मुलगी अवनी शाळेत, आणि एके दिवशी हा घरी येऊन सांगतो की मी बोट घेतली. ग्रॅहम नावाचा एक ऑस्ट्रेलियन सिंगापूर सोडून चालला होता, त्याची जुनी बोट. बोटीबरोबर ट्रेलर. ट्रेलर म्हणजे चाकांचा लोखंडी सांगाडा, त्यावरून बोट उतारावरून पाण्यात सोडायची आणि परतल्यावर त्यावरच ओढून वर घ्यायची. मोटारीसारखीच त्याचीही नोंदणी असते, त्याला नंबर असतो, मालक असतो.

बोटीचा परवाना शिरीषने करून घेतला, कारण त्याशिवाय त्याला समुद्रात कोणी जाऊ देईना. ट्रेलर मात्र किनाऱ्यावरच्या ज्या यार्डात बोटी ठेवतात त्याबाहेर कधी जायचाच नव्हता, यार्डातून उतारापर्यंत आणि परत. त्यामुळे तो ग्रॅहमच्याच नावावर राहिला. ग्रॅहमने दिलेले कागद घर बदलताना हरवले. मी दर दिवाळीला आठवण करायचे, की बाबा रे, नावावर करून घे, उद्या पंचाईत होईल. तो हसून म्हणायचा, "सुलेखाताई, ट्रेलर कुठे पळून चाललाय?"

ट्रेलर खरंच कुठे पळून गेला नाही. २०१३ च्या जूनमध्ये सुमात्रातल्या जंगलांचा धूर सिंगापूरवर येऊन बसला तेव्हा आमच्या खिडकीतून समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. तोंडाला मास्क लावून माणसं एमआरटीच्या स्टेशनाकडे चालली होती. बाहेर पडू नका, असं रेडिओवर सतत सांगत होते. अशा दिवशी शिरीष पहाटेच बोट घेऊन निघाला. समुद्रावर धूर कमी असतो, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. बरोबर यायला निघालेला मित्र ऐनवेळी नको म्हणाला, म्हणून हा एकटाच गेला.

तो परत आला नाही. गस्तीच्या बोटी फिरल्या, धूर हटल्यावर हेलिकॉप्टर फिरलं. मोठ्या जहाजाचा धक्का लागला असेल, असं सगळे म्हणत. पण कुठल्याच जहाजावरून कुणी काही पाहिल्याचं कळवलं नाही. हाती लागला तो एक निळा आइसबॉक्स, त्याचाच होता की नाही तेही नक्की नाही. बोट नाही, माणूस नाही. यार्डातल्या उताराच्या कडेला रिकामा ट्रेलर तेवढा उभा होता, पाण्याकडे पाठ करून.

त्यानंतरची तीन वर्षं अरुणा रविवार आला की बस बदलत यार्डात जायची. ट्रेलरला गोड्या पाण्याने धुवायची, कारण खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजतं. चाकांना ग्रीस लावायला तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराने तिला शिकवलं होतं. एकदा मी बरोबर गेले होते. उन्हात ती पाइप धरून उभी, साडीचा पदर खोचलेला, आणि मला इतकं भरून आलं की मी चिडूनच विचारलं, हे काय चालवलंयस तू. ती म्हणाली, "आला तर बोट कशावर ओढून घेईल?"

मी पाइप हातात घेतला आणि दुसरं चाक धुतलं.

सोलापूरहून अरुणाच्या सासूबाईंचा फोन दर आठवड्याला यायचा. सरोजिनीबाई, वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याने दिसत नाही, पण आवाज खणखणीत. त्यांचं एकच म्हणणं होतं. देह मिळाला नाही तर पालाशविधी करतात, पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करून, त्याला तो माणूस मानून अग्नी देतात. त्याला बारा वर्षं थांबायचं असतं खरं, पण गुरुजींनी मार्ग काढून दिला होता. मी आहे तोवर माझ्या लेकाचं करून टाका, त्याला असा मधे लटकत ठेवू नका, असं त्या रडत सांगायच्या. अरुणा ऐकून घ्यायची. "बघू, आई," म्हणायची आणि विषय बदलायची. दीर चिडला, चुलत सासरे चिडले, नात्यात बोलणं झालं की सून दगड आहे. अरुणाने एकालाही उलट उत्तर दिलं नाही आणि होही म्हटलं नाही.

२०१६ मध्ये यार्ड दुसऱ्या माणसांकडे गेलं. नव्या लोकांनी फाटकावर सूचना लावली: ज्या ट्रेलरच्या मालकीचा कागद दाखवला जाणार नाही, तो महिनाअखेर भंगारात जाईल. अरुणा ती सूचना फोनमध्ये टिपून थेट माझ्याकडे आली. ती घाबरलेली मी पहिल्यांदा बघितली. धूर असताना घाबरली नव्हती इतकी.

मी तिला एका वकिलाकडे नेलं. वकील भला माणूस होता. त्याने आधी विचारलं, ट्रेलर नवऱ्याच्या नावावर आहे का. असेल तर तो तुमच्या नावावर करायला कोर्टात जावं लागेल. नवरा मेला असं धरून चालायला परवानगी मागावी लागेल, तसं शपथेवर लिहून द्यावं लागेल. अरुणा खुर्चीतून उठलीच. मी तिला हात धरून खाली बसवलं आणि म्हटलं, त्याच्या नावावर नाहीच तो, त्याने कधी केलाच नाही. वकिलाचा चेहरा उजळला. मग प्रश्नच नाही, म्हणाला. मूळ मालक तुम्हाला विकतोय असं दाखवा. त्याची सही आणा, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणा, ट्रेलरची तपासणी करून घ्या, झालं. नवऱ्याचा यात संबंधच येत नाही.

बाहेर आल्यावर अरुणा हसली. तीन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "बघितलंस ना, तू त्याला उगाच बोलायचीस," म्हणाली. शिरीषच्या आळशीपणाचं त्या दिवशी मला कौतुक करावं लागलं, आणि मी ते केलं.

ग्रॅहमला अवनीने शोधलं. सोळा वर्षांची पोर, मराठी कळतं सगळं, बोलते मात्र इथल्या पोरांच्या इंग्रजीत मिसळून. मासेमारी करणाऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर त्याचा फोटो सापडला. "मावशी, फाउंड हिम लाह, पर्थमध्ये आहे," असं तिने मला सांगितलं, आईला नाही. आईला मी सांगावं अशी तिची अपेक्षा. बापाबद्दल त्या घरात दोघी एकमेकींशी बोलत नसत.

अरुणाने त्याला फोन लावला तेव्हा मी शेजारी होते. म्हातारा बोलका निघाला. सही पाठवतो म्हणाला, अजून नावावर केला नव्हता का म्हणून हसला. मग त्याने विचारलं, शिरीष कसा आहे, अजून जातो का मासे धरायला. अरुणा इंग्रजीत म्हणाली की तो बरा आहे, आत्ता बाहेर गेलाय. अवनी उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

तपासणीसाठी ट्रेलर जागेवरून हलवावा लागणार होता, आणि ते अरुणाला फार जड गेलं. टायर चिरले होते, ते बदलले. दिवे बसवले. लॉरीला जोडून नेताना तिने चाकांच्या जागी विटा ठेवल्या, परत आणाल तेव्हा इथेच लावा म्हणून रखवालदाराला बजावलं. तपासणी झाली, ग्रॅहमचे कागद आले, आणि आम्ही तिघी वाहन नोंदणीच्या कचेरीत गेलो.

तीन दिवस अरुणा झोपली नव्हती. खिडकीतली बाई विचारेल, की लग्न झालंय ना, मग नवरा कुठे आहे, त्याची सही का नाही. त्यावर काय सांगायचं हे तिने मला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं होतं. नवरा बाहेर गेलाय, एवढंच सांगणार होती. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही सांगायचं नव्हतं.

आमचा नंबर लागला. खिडकीत एक तरुण मलय मुलगी होती, डोक्याला गुंडाळलेला फिकट गुलाबी रुमाल, तुडुंग, बोलायला गोड. तिने कागद बघितले, शिक्के मारले, संगणकात काय काय भरलं. नवऱ्याचं नाव तिने काढलं नाही. त्या कागदांवर कुठे त्याचं नाव नव्हतंच, ती बिचारी काढणार कशी. शेवटी वर बघून तिने, रोज शंभर जणांना विचारत असेल तसंच, विचारलं, "ओनर वन पर्सन ओनली, आंटी? नोबडी एल्स?"

अरुणा तिच्याकडे बघत राहिली. मागे रांग होती. त्या मुलीने पुन्हा, तितक्याच गोडीने विचारलं.

"नोबडी एल्स," अरुणा म्हणाली.

मुलीने बटण दाबलं. कागद छापून आला, अजून गरम होता. अवनीने तो आईच्या हातातून घेतला, वाचला, नीट घडी करून आपल्या पिशवीत ठेवला आणि आईचा दंड धरला. घरापर्यंत तिने तो सोडला नाही.

टॅक्सीत अरुणा एवढंच म्हणाली, "कुणी विचारलंच नाही गं तो कुठे आहे ते. मीच सांगून बसले." मला तेव्हा शिरीषचा इतका राग आला, आणि कधी नव्हे ते त्याच्यासाठी रडू आलं, दोन्ही एकदमच. मी खिडकीबाहेर बघत बसले.

संध्याकाळी मी तिच्याकडे भात लावायला थांबले, कारण ती नुसती बसून होती. सोलापूरचा फोन यायची वेळ झाली होती, पण तिने वाट बघितली नाही, स्वतःच लावला. फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, बहुतेक हातात धरवत नसावा.

"आई, गुरुजींना विचारून दिवस काढा," ती म्हणाली. "मी आणि अवनी येतो."

तीन वर्षं हेच एक मागत आलेली बाई, आता देवाला हात जोडेल, हायसं वाटेल तिला, असं मी धरून चालले होते. मग सरोजिनीबाईंचा आवाज आला, आणि तो खणखणीत नव्हता.

"म्हणजे तूसुद्धा वाट बघणं सोडलंस?"

अरुणाने फोन जवळ ओढला.

"तू नाही म्हणत होतीस ना," म्हातारी म्हणाली, "म्हणून तर मी मागत होते गं."

कुकरची शिट्टी झाली. मी उठून गॅस बंद केला. टेबलावर फोन तसाच चालू होता, दोन्हीकडून कुणी तो ठेवत नव्हतं.