दहाला दहा जुवारी

शनिवारी सकाळी बेसिंगस्टोकहून निघाले तेव्हा हातात ट्युलिपची फुलं होती आणि पाठपिशवीत राईसकेकचं, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचं पाकीट. फुलं वृंदामावशींसाठी. पाकीट माझ्या परतीच्या वाटेसाठी. लंडनच्या टोकाला, पिनरला त्यांच्याकडे "सकाळी उशिरा खाल्लंय" म्हणून जेवण टाळायचं आणि येताना वॉटर्लू स्टेशनच्या बाकावर बसून ते संपवायचं, असं मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं.

मला गहू चालत नाही. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, चिमूटभरसुद्धा नाही. ऑफिसात हे सांगणं सोपं जातं, कारण तिथे इंग्रजीत एक फॉर्म असतो आणि फॉर्मवर रकाना असतो. मराठी घरात, गरम पोळी ताटात पडत असताना, तेच वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. मागच्या वेळी मावशींकडे मी चार पोळ्या खाल्ल्या आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढले.

वॉटर्लूपर्यंत शेतं, घोडे, मग हळूहळू विटांच्या भिंती. बेकर स्ट्रीटला मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी पकडली. फिंचली रोडला ती जमिनीवर येते आणि लोकांची परसदारं दिसू लागतात: पावसात भिजलेले ट्रॅम्पोलिन, उलटी ठेवलेली ढकलगाडी, दोरीवर विसरलेला एकच मोजा. पिनरची हाय स्ट्रीट चर्चच्या दिशेने चढत जाते. मावशींच्या दारावरून मी एकदा पुढे गेले, कोपऱ्यापर्यंत, आणि मग परत फिरले.

वृंदामावशी आईच्या कॉलेजातल्या मैत्रीण. तीस वर्षं इथे इंग्लंडात आहेत.

"आलीस? किती वाळलीयेस गं! बेसिंगस्टोकला जेवण मिळत नाही वाटतं?" फुलं घेता घेता त्या म्हणाल्या. "आज ओट्यावर आमच्या बाईसाहेब आहेत. जपानी नूडल्स. पण भिऊ नकोस, पोळ्या मी टाकणारच आहे."

बाईसाहेब म्हणजे त्यांची मुलगी रिया, माझ्याच वयाची, इथेच जन्मलेली. तिने महिनाभर एका जपानी बाईंकडे शनिवारचा क्लास केला होता. कोपरापर्यंत पीठ लागलेले हात तिने वर केले.

"सई, हा पीठ बघ. जुवारी आहे!"

ज्वारी! मी खुर्चीत बसले. खांद्यावरची पिशवीसुद्धा काढायची राहिली. ज्वारी मला चालते. आज खोटं बोलावं लागणार नव्हतं.

"ज्वारी?" मावशींनी परातीत डोकावून पाहिलं. "अशी राखेसारखी? कुणी फसवलं तुला?"

"ज्वारी नाही ग आई, जुवारी! जू म्हणजे टेन. टेन पार्ट्स, सगळा बकव्हीट. लोक त्यात दोन पार्ट्स गहू घालतात, इझी होतं म्हणून. मी नाही घातला."

बकव्हीट म्हणजे कुट्टू, उत्तरेकडे उपवासाला खातात तो. नावात व्हीट असला तरी गव्हाशी त्याचं नातं नाही. त्याच्या या नूडल्सना सोबा म्हणतात. दुकानातली बहुतेक पाकिटं मी मागची यादी वाचून परत ठेवली होती, ती त्या दोन भागांपायीच. दहाला दहा म्हणजे ठीक होतं. मी पिशवी काढली.

पण गोळा जमेना. रियाने लाटायला घेतला की कडा चिरत, उचलला की तुकडे पडत.

"ओके. प्लॅन बी," ती म्हणाली आणि तिने कणकेच्या डब्याचं झाकण उघडलं. "दोन पार्ट्स आटा. अलाउड आहे."

"नको!"

माझा आवाज मलाच मोठा वाटला. रियाचा हात डब्यात तसाच राहिला.

"काय नको?" मावशी वळल्या.

"गहू. मला गहू चालत नाही, मावशी. अजिबात नाही. आजारी पडते."

"आणि मागच्या वेळच्या चार पोळ्या?"

"तुम्ही वाढल्यात."

"मी वाढल्या म्हणून? उद्या विष वाढलं तर खाशील?"

"तूप लावून खाल्ला असता तिने," रिया म्हणाली.

मला हसू आलं. मावशींना नाही आलं. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि रियाला साबणाने हात धुवायला पाठवलं. गोळा कणकेच्या डब्यापासून लांब सरकवला. मग म्हणाल्या, "पोळपाटालाही असेल ना गं लागलेलं?" ते मी होऊन कधीच म्हटलं नसतं. नुसती मान हलवली. आता काही टाळायचं उरलं नव्हतं.

नवा काचेचा पाट निघाला, लाटण्याऐवजी एक धुतलेली बाटली. पहिला गोळा बाजूला गेला, परात घासली. मावशींनी नव्या पिठाची चिमूट बोटांत चोळली. "विरी नाही याला." (विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, ज्वारीचं पीठ जुनं झालं की तो जातो आणि भाकरी चिरते.) "ज्वारी काय आणि जुवारी काय, उकळतं पाणी आण."

उकळत्या पाण्यात मळलेला नवा गोळा ऐकू लागला. रियाने सुरीने पट्ट्या कापल्या, बोटभर लांब, काही बुटाच्या नाडीएवढ्या जाड. मिनिटभर उकळून गार पाण्यात धुतल्या. सोया सॉसच्या बाटलीवरची यादी मावशींनी मला मोठ्याने वाचायला लावली. गहू त्यातही होता. बाटली कपाटात गेली. वाळलेल्या मश्रूमचं पाणी, आलं, मीठ आणि दोन आमसुलं वाटीत आली.

"आई, हा क्राइम आहे," रिया म्हणाली.

पण तिने दोनदा घेतलं. चव भाजलेल्या दाण्यांसारखी, मातकट आणि थंड. शेवटी नूडल्स उकळलेलं दाट पाणी कपातून प्यायचं असतं. एक घोट घेऊन मावशी म्हणाल्या, "अगं, ही तर पेज!" त्या दिवशी पोळ्या झाल्याच नाहीत. वाढताना माझ्या ताटाकडे कोणी निराळ्या नजरेने पाहिलं नाही. मी मागून घेतलं.

निघताना मावशींनी दारात अडवलं. "आईला माहीत आहे?"

मी फुलांकडे पाहिलं.

"बरं. घरी पोचायच्या आत तू सांग. नाहीतर मी सांगेन, आणि मी सांगितलेलं तिला चालणार नाही."

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मागच्या वेळी याच गाडीत मी पोट धरून बेसिंगस्टोकची वाट पाहत होते. आज बाहेर तळी, गवत, संध्याकाळचा लांब उजेड दिसत होता. राईसकेकचं पाकीट पिशवीत तसंच बंद होतं. वोकिंग स्टेशन गेल्यावर मी आईला फोन लावला.

"जेवलीस का?" आईने नेहमीप्रमाणे आधी तेच विचारलं.

"हो, पोटभर," मी म्हणाले. मग ते वाक्य त्या दिवसात दुसऱ्यांदा म्हटलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं.