सितांगची बधिर बोटं

फिलिपिन्समधल्या दागुपानच्या बाजारात सितांग कालिमलिमनं साफ केलेला बांगूस मासा लोक निर्धास्त पोराबाळांना भरवत. त्याच्या अंगात केसासारखे काटे असतात. सितांग ते चिमट्यानं उपसायची आणि शोधायची मात्र बोटांच्या पेरांनी.

एका वर्षी तिचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली. झोपेतून उठून ती हात झटकत बसे. एकदा गिऱ्हाईक परत आलं. "काय गं, काटे काढायचे पैसे घेतेस की घालायचे?" शेजारच्या ओट्यांवरच्या सगळ्या हसल्या. तीही हसली. पण घरी तिला बसवेना. घासलेली भांडी तिनं पुन्हा घासली.

नवरा क्लेतो तिचाकी रिक्षा चालवायचा. तो म्हणाला, "अगं, बूड टेक की जरा! झालंय काय?"

"कुठं काय!"

तिच्या आईचे पाय असेच बधिर झाले होते. साखरेचा आजार होता. पुढं एक पाय कापावा लागला. हे ती कुणापाशी बोलली नव्हती. शेवटी तिचं रात्रीचं हात झटकणं पाहून क्लेतोनंच तिला तिचाकीत घालून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी नसांची तपासणी सांगितली.

तपासणीच्या बाईंनी तिचे हात धरले. "अगं बाई, हे हात की बर्फाच्या लाद्या! आधी गरम पाण्यात बुडव. गार हाताची नस मंदच दिसते."

"लावा ना मशीन एकदाचं!"

हात गरम झाल्यावर मनगटावर बारीक झटके सुरू झाले. तिला न विचारता बोटं उडत होती. पडद्यावर रेघ उसळे, बाई मान डोलवून आकडे टिपत. मग त्यांनी पायाला तारा चिकटवल्या.

"पाय कशाला?" सितांग ताडकन उठली. "माझ्या आईचा पाय कापला हो!"

"म्हणून तर बघायचं. नीज."

पायांच्या नसा ठणठणीत निघाल्या. रक्तातली साखरही ठीक होती. नस दबली होती ती मनगटात, दोन्ही हातांच्या, उजवीकडे जास्त.

"कापणार?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"मनगटावर छोटा छेद देऊ. हात कापत नाही गं!"

छेदानंतर मुंग्या गेल्या, झोप लागू लागली. मधल्या बोटाचं पेर मात्र पुरतं जागं झालं नाही. मग ती अनामिकेनं काटे चाचपायला शिकली. काम हळू होतं, पण होतं.

परवा शेजारच्या ओट्यावरची लूर्देस गुपचूप हात झटकताना दिसली. सितांगनं तिला दंडाला धरलं आणि सरळ क्लेतोच्या तिचाकीत बसवलं. लूर्देस वाटभर ओरडत होती, "अगं सोड, माझे मासे उघडे पडलेत!"